मुक्त संगणकप्रणालींतील पॅकेज स्वरूपे आणि सुसंगततेचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुक्त आज्ञावलींच्या चळवळीचा इतिहास सांगताना बहुधा परवाना आणि मूळ संहिता यांचीच चर्चा होते. तयार आज्ञावली वापरकर्त्याच्या संगणकापर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचते, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. वस्तुतः लिनक्सच्या एका वितरणासाठी बांधलेले पॅकेज दुसऱ्या वितरणावर का चालत नाही, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नातच मुक्त चळवळीचे सामर्थ्य व मर्यादा या दोहोंचे दर्शन घडते. प्रस्तुत निबंधात १९९३ पासूनच्या पॅकेज स्वरूपांचा आढावा घेऊन विसंगतीची खरी कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल प्रसिद्ध केला. परंतु कर्नल म्हणजे संपूर्ण प्रणाली नव्हे. कर्नल, कंपायलर, संपादक, आलेखी पडदा इत्यादी शेकडो घटक निरनिराळ्या गटांनी स्वतंत्रपणे लिहिलेले होते. ते जुळवून, तपासून एकत्र देणाऱ्या संचास 'वितरण' ही संज्ञा रूढ झाली. १९९३ मध्ये पॅट्रिक फोल्करडिंग यांचे स्लॅकवेअर आणि इयान मर्डॉक यांचे डेबियन ही दोन वितरणे सुरू झाली. स्लॅकवेअरचे पॅकेज म्हणजे संकुचित केलेली फाइलींची गाठोडी होती. एका पॅकेजला दुसऱ्या कोणत्या पॅकेजची गरज आहे याची नोंद त्यात नसे. ती जबाबदारी वापरकर्त्यावरच सोपविलेली होती.

दोन स्वरूपांचा उदय

डेबियनने पॅकेजसोबत त्याची माहितीही बांधण्याचा मार्ग पत्करला. डेब स्वरूपाच्या फाइलीत एका भागात प्रत्यक्ष आज्ञावली, तर दुसऱ्या भागात तिचे नाव, आवृत्ती, सांभाळणारी व्यक्ती आणि तिला लागणारी इतर पॅकेजेस यांची नोंद असते. या शेवटच्या नोंदीस 'अवलंबन' म्हणता येईल. १९९५ मध्ये रेड हॅट कंपनीने आरपीएम हे स्वरूप आणले. मार्क युइंग व एरिक ट्रोन हे त्याचे प्रमुख रचनाकार. एका विवरण-फाइलीवरून मूळ संहितेपासून तेच पॅकेज पुन्हा बांधता यावे, ही त्यामागील महत्त्वाची कल्पना होती.

दोन्ही स्वरूपांची उद्दिष्टे जवळपास समान होती. तरीही ती एकत्र आली नाहीत, कारण त्यांच्या मागील संस्था भिन्न होत्या. डेबियन हा स्वयंसेवकांचा प्रकल्प, तर रेड हॅट ही व्यापारी कंपनी. पुढे सुसे, मँड्रेक इत्यादी वितरणांनी आरपीएम स्वीकारले, तर २००४ मध्ये आलेल्या उबुंटूने डेब स्वीकारले.

अवलंबनाचा गुंता

अवलंबनाची नोंद झाली, तरी ते पूर्ण करण्याचे कष्ट प्रारंभी वापरकर्त्यालाच करावे लागत. एक पॅकेज बसविण्यासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे शोधावे लागे. या अवस्थेला इंग्रजीत अवलंबनाचा नरक असेच नाव पडले. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत आलेल्या ऍप्ट या साधनाने ही शोधाशोध स्वयंचलित केली. ब्राझीलच्या कोनेक्टिवा वितरणाने तेच साधन आरपीएमसाठी रूपांतरित केले. येलो डॉग लिनक्समधील यप या साधनावरून ड्यूक विद्यापीठात यम घडविण्यात आले आणि फेडोरामध्ये ते रुळले. पॅकेज आणून बसविणारे साधन आणि पॅकेजचे स्वरूप या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे कोनेक्टिवाच्या प्रयोगाने सिद्ध केले.

विसंगतीचे मूळ

भिन्न स्वरूप हेच विसंगतीचे कारण आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. एलियन नावाच्या साधनाने आरपीएमचे डेबमध्ये आणि डेबचे आरपीएममध्ये रूपांतर होऊ शकते. परंतु असे रूपांतरित पॅकेज चालेलच याची शाश्वती नसते. उलट, सुसे आणि रेड हॅट या दोहोंचे स्वरूप एकच असूनही एकाचे पॅकेज दुसऱ्यावर अनेकदा बसत नसे. म्हणजे दोष वेष्टनाचा नसून आतील गृहीतकांचा आहे.

ही गृहीतके मुख्यतः तीन प्रकारची आहेत. पहिले, सामायिक लायब्ररीची आवृत्ती. डिसेंबर १९९७ मध्ये रेड हॅट ५.० ने सी लायब्ररीची नवी आवृत्ती स्वीकारली. डेबियनने ती जुलै १९९८ मध्ये, २.० या आवृत्तीत स्वीकारली. या काळात एकीकडे बांधलेली आज्ञावली दुसरीकडे नेताना लायब्ररीही न्यावी लागे. दुसरे, कंपायलर. २००० साली रेड हॅट ७.० मध्ये जीसीसी २.९६ समाविष्ट केला गेला. ही आपली अधिकृत आवृत्ती नसल्याचे जीसीसीच्या सुकाणू समितीला जाहीर करावे लागले. त्याने बांधलेल्या सी प्लस प्लस आज्ञावली इतर आवृत्त्यांशी जुळत नसत.

तिसरे गृहीतक नावाचे. मराठी वाचकाला परिचित असलेल्या लोहित देवनागरी फॉन्टचे उदाहरण येथे बोलके ठरते. तोच फॉन्ट फेडोरामध्ये 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स' या नावाने, तर डेबियनमध्ये 'फॉन्ट्स-लोहित-देवा' या नावाने मिळतो. अक्षरे तीच, परवाना तोच; परंतु एका नावाची अपेक्षा ठेवणारे पॅकेज दुसऱ्या नावाला ओळखत नाही. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने तिने डेबचे स्वरूप आणि डेबियनची नावे हा वारसाही घेतला.

प्रमाणीकरणाचा प्रयत्न

या विसंगतीवर उपाय म्हणून लिनक्स स्टँडर्ड बेस हे प्रमाण पुढे आले. त्याची १.० आवृत्ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. लायब्ररींची यादी निश्चित करण्याबरोबरच पॅकेजसाठी आरपीएम हे स्वरूप त्याने ठरविले. डेबियनने एलियनच्या मदतीने त्याची पूर्तता करावी अशी तडजोड होती. तथापि २०१५ मध्ये डेबियनने या प्रमाणाचा बहुतांश आधार काढून टाकला.

या अपयशाचे कारण तांत्रिक कमी आणि सामाजिक अधिक आहे. ज्यांची संहिता बंद आहे अशा व्यापारी विक्रेत्यांना एकच पॅकेज सर्वत्र चालविण्याची निकड होती. मुक्त आज्ञावलीला ती नव्हती. तिची संहिता खुली असल्याने प्रत्येक वितरण ती आपल्या पद्धतीने पुन्हा बांधू शकते. डेबियन २.० मध्ये १,५०० हून अधिक पॅकेजेस होती. २०२३ मधील डेबियन १२ मध्ये ती ६४,००० च्या वर गेली. हे काम बहुतांशी स्वयंसेवकांच्या श्रमावर उभे आहे. एकच आज्ञावली प्रत्येक वितरणात नव्याने बांधावी लागते, ही विविधतेची किंमत होय.

नवे मार्ग

ही किंमत टाळण्यासाठी ऍपइमेज, स्नॅप व फ्लॅटपॅक ही स्वरूपे पुढे आली. आज्ञावलीला लागणाऱ्या लायब्ररी तिच्यासोबतच, किंवा वितरणापासून अलग अशा समान पायावर द्याव्यात, हे त्यांचे सूत्र. एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ साली उट्रेख्त विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधातील निक्स या प्रणालीने प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र स्थान देऊन निराळा मार्ग दाखविला होता.

सोबत लायब्ररी देण्याचा धोका मात्र जुना आहे. २००२ मध्ये झेडलिब या लायब्ररीत सुरक्षेचा दोष आढळला, तेव्हा सामायिक प्रत वापरणाऱ्या आज्ञावलींसाठी एकच पॅकेज बदलणे पुरेसे होते. ज्यांनी स्वतःची प्रत सामावून घेतली होती, त्या प्रत्येकीला स्वतंत्रपणे दुरुस्त करावे लागले. शिवाय नव्या व्यवस्थेत पॅकेज तपासणारा वितरणाचा सांभाळकर्ता मधून दूर होतो आणि विश्वास थेट निर्मात्यावर अथवा भांडाराच्या चालकावर ठेवावा लागतो. स्नॅपचे मुख्य भांडार कॅनॉनिकल ही एकच कंपनी चालविते आणि त्याच्या सर्व्हरची संहिता खुली नाही, ही बाब या संदर्भात दुर्लक्षिता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, डेब आणि आरपीएम यांतील भेद हा सुसंगततेच्या प्रश्नाचा केवळ दृश्य भाग आहे. लायब्ररी, कंपायलर आणि नामकरण यांविषयीचे स्वतंत्र निर्णय हे विसंगतीचे खरे मूळ होय, आणि असे निर्णय घेण्याची मुभा हीच मुक्त आज्ञावलीच्या परवान्याची देणगी आहे. म्हणून पूर्ण सुसंगतता साधायची, तर कोणाच्या तरी हाती निर्णयाचे केंद्रीकरण करणे क्रमप्राप्त ठरते. महाविद्यालये व शासकीय संस्था यांनी मुक्त प्रणाली निवडताना केवळ परवाना न पाहता, पॅकेज कोण बांधते, कोण तपासते आणि दोष आढळल्यास कोण दुरुस्त करते, हेही पाहणे अगत्याचे आहे.