बसतं, पण चालतं का?

२५ जून १९९८ रोजी विंडोज ९८ बाजारात आलं. त्यानंतर सहाच दिवसांनी, १ जुलैला, अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण नव्या जिल्ह्यात कचेऱ्या थाटल्या जात होत्या, टेबलांवर मॉनिटर येत होते आणि ‘पोराला काँप्युटर घ्यायचा’ हा विषय रिसोडपासून कारंज्यापर्यंतच्या घरांत निघू लागला होता, तो काळ हाच. विषय निघाला की दुसरा प्रश्न लगेच यायचा: ब्रँडेड की असेंबल्ड?

असेंबल्ड म्हणजे सुटे भाग निवडून जोडलेला. तो स्वस्त पडे, हे कारण होतंच. पण तो मुळात शक्य झाला त्याचं श्रेय आयबीएमच्या घाईला द्यावं लागेल. ऑगस्ट १९८१ मध्ये या कंपनीनं आपला ५१५० हा पर्सनल काँप्युटर काढला, तेव्हा वेळ वाचवण्यासाठी भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची. कार्डं खोचायच्या स्लॉटचा तपशील तर छापून सगळ्यांना खुला केला. स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे यंत्र सुरू करणारी बायॉस. कॉम्पॅकनं हुशारीनं तिचीही बरोबरी साधली आणि १९८४ पासून फिनिक्स कंपनी तसलीच बायॉस कुणालाही विकू लागली. कुलूप उघडलं. मग तैवानचे मदरबोर्ड, कोरियाची रॅम आणि सिंगापूर-मलेशियाच्या हार्डडिस्क एकाच पत्र्याच्या पेटीत नांदू लागल्या.

महाराष्ट्रात या पेटीचं माहेर मुंबईच्या ग्रँट रोड स्टेशनजवळ. रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनसाहेबांचं नाव काही लोकांच्या तोंडातून गेलं नाही. ‘शोले’ वर्षानुवर्षं चालवणारं मिनर्व्हा थिएटर याच रस्त्यावर होतं. रेडिओचे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर विकणाऱ्या गाळ्यांत पुढे प्रोसेसर आले. भाव डॉलरबरोबर हलायचे. सकाळचं कोटेशन संध्याकाळी चालेलच असं नाही. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, सुट्या भागांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्यानं उतरत गेलं आणि हा माल मुंबई-पुण्याबाहेर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

वाशीमला तो नागपूर-अकोल्याच्या दुकानांतून यायचा, नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. इथं मुंबईकर आणि वाशीमकर यांच्या निवडीत फरक पडतो. ग्रँट रोडला चुकीची रॅम घेतली तर माणूस चहा पिऊन ती बदलून आणतो. वाशीमात तीच रॅम परत पाठवायची म्हणजे पार्सल, भाडं, आठवडाभराची वाट आणि ‘सील फोडलं का?’ या प्रश्नाला उत्तर. त्यामुळे वेगाच्या गप्पा नंतर; आधी एकाला दुसरं जुळतं का, ते बघायचं.

न जुळणाऱ्या मापांची या जिल्ह्याला तशी सवय होती. कारंज्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे अडीच फुटांच्या रुळांवरून मूर्तिजापूरला जायची, वाशीम स्टेशनातून पूर्णा-खंडवा मीटरगेज धावायची आणि मुंबई-नागपूर मुख्य मार्ग तिसऱ्याच, ब्रॉडगेज मापाचा. कारंज्याचा माल मूर्तिजापुरात उतरवून दुसऱ्या डब्यांत भरल्याशिवाय पुढे सरकत नसे. वाशीमवरून अकोला-पूर्णा ब्रॉडगेज व्हायला २००८ साल उजाडलं. संगणकातल्या मापांचं गणित त्याहून वेगानं बदलत होतं, आणि तिथं डबा बदलून पुढे जायची सोयच नव्हती.

जुन्या एटी पद्धतीच्या मदरबोर्डला वीज देणारे दोन वेगळे प्लग असत, पी८ आणि पी९. ते अदलाबदल करूनही बसत आणि तसे बसवले की बोर्ड गेलाच. हार्डवेअर शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिला मंत्र मिळे तो काळ्या तारा मध्ये, एकमेकींना लागून ठेवण्याचा. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स मांडणी आणली, दोन प्लगांचा एक झाला, आणि तो उलटा बसेनासा झाला. वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, म्हणजे एसएमपीएसच्या, पाठीवरचं ११५-२३० व्होल्टचं लाल बटण मात्र पुढेही कैक वर्षं राहिलं. कुतूहलानं ते सरकवून ‘फट्’ ऐकलेले लोक आज चाळिशीत आहेत.

पुढचा सापळा आकाराचा. १९९९ मध्ये इंटेलच्या स्पर्धक एएमडीनं अ‍ॅथलॉन आणला तो स्लॉट ए मध्ये बसणारा. खाच तीच, इंटेलच्या पेंटियम टूसारखी, फक्त उलटी फिरवलेली. विजेची भाषा पूर्ण निराळी. त्याहून फसवा प्रकार २०१७ च्या ऑक्टोबरातला. इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, सॉकेटचं नाव जुनंच, एलजीए ११५१. एच११० बोर्डावर आय५-८४०० अलगद बसे, पट्टी लागे, पंखा फिरे, आणि पडदा काळाच. त्याला ३०० मालिकेचाच बोर्ड हवा होता. ‘बसलं म्हणजे जुळलं’ हा भरवसा इथं खोटा ठरला. एएमडीनं याच काळात उलटी वाट धरली. २०१७ चे एएम४ बोर्ड बायॉस बदलून २०२२ चे प्रोसेसरही घेऊ लागले. पण बहुतेक बोर्डांत बायॉस बदलायला आधी यंत्र चालू व्हायला हवं, आणि त्यासाठी एखादा जुना प्रोसेसर तासाभरासाठी उसना मिळायला हवा. तसा प्रोसेसर कपाटात ठेवणारा दुकानदार ज्याच्या ओळखीचा, तो भाग्यवान.

या सगळ्यात खेळ कुठून आले? क्लासमधून. २००१ मध्ये संगणक-शिक्षणासाठी एमकेसीएल ही कंपनी स्थापन झाली, सरकारी नोकरीसाठी एमएससीआयटीचं प्रमाणपत्र लागू लागलं आणि तालुक्यातालुक्यांत संगणकाचे क्लास निघाले. तिथली यंत्रं असेंबल्डच असत. सर बाहेर गेले की वर्ड बंद आणि रोड रॅश, आयजीआय किंवा व्हाइस सिटी सुरू. मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सवर हे खेळ कसेबसे रेटता येत. पण घरी स्वतंत्र ग्राफिक कार्ड घ्यायचं ठरलं की आडवी यायची वीज.

ते २००५ नंतरचे दिवस. विदर्भातल्या गावांनी त्या वर्षांत दहा-दहा, बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं. घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असे, आणि त्याची खरी ताकद साधारण ३६० वॅट. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेलं असलं, तरी ज्या १२ व्होल्टच्या तारेवर ग्राफिक कार्ड जगतं, तिच्यात तेवढा दम क्वचितच सापडे. खेळ रंगात आला की यंत्र आपसूक रीस्टार्ट व्हायचं आणि दोष मात्र विंडोजवर जायचा. त्यात वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर, आणि खोलीतला वाळ्याचा कूलर ओलावा अन् धूळ दोन्ही सारख्याच उदारपणे वाटणारा. पुण्यात बसून लिहिलेल्या शिफारशींत या कूलरचा उल्लेख कधी आला नाही.

म्हणूनच फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ७५० टीआयचं महत्त्व अशा गावांत अधिक. हे कार्ड फक्त ६० वॅट खाई. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅट देतो, म्हणजे वेगळी तार जोडायची गरजच नाही. २०१६ चं १०५० टीआयही बहुतेक रूपांत तसंच. कचेऱ्यांतून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळत. त्यांचे एसएमपीएस कंपनीच्या खास आकाराचे, बदलता न येणारे. पण या कार्डानं तेही गेमिंगचे झाले. मधल्या बजेटचा गेमिंग पीसी असा मागच्या दारानं जिल्ह्यात शिरला. समोरच्या दारात भाव वाढवायला क्रिप्टोवाले उभे होतेच, आधी २०१७ मध्ये आणि नंतर टाळेबंदीच्या काळात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं ग्राफिक कार्डांवरचं मायनिंग बंद केलं, तोवर भाव उतरू लागले होते.

त्या सुमारास नव्यानं जुळणी करणाऱ्याचं कोटेशन बऱ्यापैकी ठरून गेलं: आय५-१२४००एफ, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६०, साडेपाचशे वॅटचा खात्रीचा एसएमपीएस. यातही दोन खाचखळगे होते. नावातल्या ‘एफ’चा अर्थ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणून कार्ड यायच्या आधी यंत्र लावून बघायची सोय नाही. आणि हा प्रोसेसर डीडीआर४, डीडीआर५ दोन्ही घेतो, पण बोर्ड त्यांतली एकच घेतो. दोन्ही पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते. बोर्ड ठरला की पुढच्या पाच वर्षांची रॅमही ठरली.

ही अट २०२५ च्या अखेरीस महागात पडू लागली. रॅमच्या चिपा एआयच्या सर्व्हरांकडे वळल्या, भाव भडकले आणि मायक्रॉननं डिसेंबरात क्रुशल नावानं ग्राहकांना विकायचा व्यवसायच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आधी प्रोसेसर, मग बोर्ड, शेवटी रॅम असा कोटेशनचा क्रम वर्षानुवर्षं चालत आला होता. आता ज्याच्याकडे जुन्या यंत्रातल्या डीडीआर४ च्या दोन पट्ट्या शिल्लक आहेत, तो त्या आधी काउंटरवर ठेवतो आणि त्यांना चालेल असा बोर्ड मागतो; प्रोसेसरचं नाव त्यानंतर निघतं.