गोदामांतील ऊर्जाकार्यक्षम प्रकाशयोजना

गोदामांतील मेटल हॅलाइड, सोडियम किंवा पाऱ्याच्या बाष्पाचे दिवे काढून त्यांच्या जागी कमी वीज घेणारे दिवे, मुख्यतः एलईडी, बसवणे आणि त्यांचा वापर गरजेनुसार नियंत्रित करणे यास गोदामांतील ऊर्जाकार्यक्षम प्रकाशयोजना असे म्हणतात. विजेची बचत हा तिचा प्रमुख हेतू असला, तरी कामगारांची सुरक्षितताही तिच्यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

उंच छताच्या गोदामांत पूर्वी प्रामुख्याने ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे वापरले जात. हे दिवे विझल्यावर पुन्हा पूर्ण प्रकाश देण्यास काही मिनिटे घेतात. त्यामुळे काम नसतानाही ते चालूच ठेवले जातात. निळ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा प्रकाश देणारे एलईडी दिवे शक्य झाले. या शोधाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बचतीचे गणित

४०० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा चोकसह सुमारे ४५० वॅट वीज घेतो. त्याऐवजी बहुधा १५० वॅटचा एलईडी दिवा पुरतो. असे १०० दिवे दररोज १२ तास, वर्षातून ३०० दिवस चालल्यास वार्षिक वापर १,६२,००० युनिटांवरून ५४,००० युनिटांवर येतो, म्हणजेच १,०८,००० युनिटांची बचत होते. एलईडी दिवा तत्काळ लागत असल्याने हालचाल ओळखणारे संवेदक बसवून रिकाम्या मार्गिकांतील प्रकाश मंद ठेवता येतो. छतात पारदर्शक पत्रे असल्यास दिवसा बचत आणखी वाढते.

प्रकाशाची पातळी

केवळ वॅट पाहून दिवे बदलणे सदोष ठरते. कामाच्या जागी पडणारा प्रकाश लक्स या एककात लक्समीटरने मोजतात. युरोपीय मानक ईएन १२४६४-१ नुसार साठवणीच्या खोल्यांत १०० लक्स, तेथे सतत काम चालत असल्यास २०० लक्स आणि वेष्टन व पाठवणीच्या जागी ३०० लक्स प्रकाश अपेक्षित आहे. भारतात अंतर्गत प्रकाशयोजनेसाठी आयएस ३६४६ हे मानक आहे.

उंच रॅकच्या अरुंद मार्गिकांत प्रकाश जमिनीइतकाच रॅकच्या उभ्या बाजूंवरही पडावा लागतो. अन्यथा खोक्यांवरील चिठ्ठ्या वाचता येत नाहीत.

कामगारांची सुरक्षितता

फोर्कलिफ्टचालकास माल उंचावर ठेवताना वर पाहावे लागते. त्या वेळी उघड्या, प्रखर दिव्याने डोळे दिपल्यास अपघाताचा धोका असतो. म्हणून प्रकाश पसरवणारे आच्छादन व दिव्यांची योग्य मांडणी आवश्यक ठरते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १७ नुसार कारखान्यात कामगार जेथे काम करतात किंवा ये-जा करतात, तेथे पुरेसा व योग्य प्रकाश ठेवणे बंधनकारक होते. बचतीसाठी दिव्यांची संख्या घटवताना मार्गिकांत अंधारे पट्टे राहिल्यास त्याची झळ प्रथम हमालांना व चालकांना बसते.

मर्यादा व विल्हेवाट

पत्र्याच्या छताखाली साचणाऱ्या उष्णतेने एलईडीच्या ड्रायव्हरचे आयुष्य घटते. धुळीनेही प्रकाश कमी होतो, म्हणून नियमित सफाई करावी लागते. काढलेल्या मेटल हॅलाइड दिव्यांत व नळीदिव्यांत पारा असतो. ते फोडून कचऱ्यात टाकणे घातक असून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे सोपवणे आवश्यक आहे.