सोन्याच्या वाटा

पनवेलच्या माणसाला डोंगर शोधीत हिंडावे लागत नाही. पूर्वेला प्रबळगड, दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा. मला हे डोंगर कॅमेऱ्यात धरण्याचा नाद आहे. मास्तरकीच्या पगारात हा नाद बसत नाही, असे घरचे मत. ते खोटे नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी प्रबळमाचीवरून कलावंतिणीच्या सुळक्याचा फोटो घ्यायला गेलो होतो. धुके हटले आणि कड्यात कोरलेल्या पायऱ्यांवर माणसांची रांग दिसली. पाठीवर पिशव्या, कंबरेत वाकलेली, एकामागे एक. मला हवा होता नुसता डोंगर. चिडूनच कळ दाबली.

घरी तो फोटो पाहताना दुसराच एक आठवला. अलास्का आणि कॅनडा यांच्या सीमेवरील चिलकूट खिंडीत एरिक हेग या छायाचित्रकाराने १८९८ साली तशीच रांग टिपली होती. पांढराशुभ्र डोंगर आणि त्यावर मुंग्यांसारखी माणसे! १८९६ च्या ऑगस्टात क्लोंडाइकच्या खोऱ्यात सोने सापडले आणि बातमी फुटताच सुमारे लाखभर माणसे घरदार सोडून निघाली. वर्षाचा शिधा बरोबर असल्याखेरीज कॅनडाचे पोलीस पुढे सोडीनात. एकेकाचे सामान टनाच्या घरात जाई. पाठीवर एका खेपेला मावणार किती? तीच खिंड पुन्हा पुन्हा चढायची. बर्फात खोदलेल्या त्या पायऱ्यांना लोक ‘सोन्याचा जिना’ म्हणत. पोचले तीस-चाळीस हजार, आणि तोवर चांगल्या जागा आधी आलेल्यांनी अडवल्या होत्या.

हे दोन्ही फोटो मी वर्गात दाखवले. एका मुलाने विचारले, “गुरुजी, आपल्या डोंगरात नाही का सोनं?”

नाही, आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. पण सोने या डोंगरांकडे एकदा निघाले होते खरे. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके आम्हाला परके नाहीत. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, नातू पुण्याला लष्करी हिशेबखात्यात कारकून. १८७६-७७ च्या दुष्काळातले हाल पाहून त्यांनी रामोश्यांना हाताशी धरून इंग्रजांविरुद्ध बंड मांडले. फौजेला पैसा हवा, म्हणून दरोडे. १८७९ च्या मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि पळस्पे व चिखली येथून सुमारे दीड लाखाचा ऐवज घेऊन घाटमाथ्याकडे वळले. मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले. दौलतराव गोळी लागून पडले. त्या चढणीवर कोण कॅमेरा घेऊन उभा राहणार होता? ऐवज हा कागदावरचा शब्द. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पाटल्या, बिलवर, लेकीसाठी जपलेली पुतळ्यांची माळ असे काहीबाही येते. वासुदेव बळवंत त्याच जुलैत पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांनी देह ठेवला.

मी हे रंगून सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. तो पळस्प्याचा. “म्हणजे गुरुजी, दरोडा आमच्याच गावावर? आणि जयंतीला भाषण मीच केलं होतं!”

वर्ग हसला. मी हसलो नाही. शिरढोण आणि पळस्पे, एका सकाळी पायी जाऊन यावे एवढे अंतर. स्वराज्यासाठी निघालेल्या माणसाच्या लोकांनी शेजारचेच घर फोडले, आणि तरी त्याच्या तसबिरीला मी दरवर्षी मनापासून हार घालतो. एवढे त्या मुलाला कसे सांगावे, ते मला सुचेना. “पुढच्या जयंतीला तूच बोल,” मी म्हणालो, “पण हेही सांग.”

त्याने मान डोलावली. मग फोटो हातात घेऊन त्याने विचारले, “ही वाट घाटमाथ्याला जाते का?”

“नाही,” मी म्हटले, “ही नुसती सुळक्यावर जाते.”