पेट्रोलचा भडका, कंपन्यांचा नफा आणि अमेरिकेचे तेलव्यसन

अमेरिकेत पेट्रोलला 'गॅस' म्हणतात आणि त्याचा भाव गॅलनवर सांगितला जातो. एक अमेरिकी गॅलन म्हणजे सुमारे ३.७८ लिटर. हा भाव पंपाबाहेर उंच खांबावर ठळक आकड्यांत झळकत असतो. धान्य, घरभाडे किंवा औषधे यांचे भाव असे कोणी रस्त्यावर टांगून ठेवत नाही. म्हणूनच महागाईचा राग सर्वांत आधी पेट्रोलवर निघतो आणि पेट्रोलवरून तो सरकारपर्यंत पोहोचतो.

सप्टेंबर २००५ मध्ये या फलकांवरील देशव्यापी सरासरी प्रथमच तीन डॉलरच्या पुढे गेली. २९ ऑगस्ट रोजी कतरिना चक्रीवादळाने मेक्सिकोच्या आखाताचा किनारा झोडपला होता. समुद्रातील तेलविहिरी आणि किनाऱ्यावरील शुद्धीकरण कारखाने बंद पडले. त्यानंतर काही आठवड्यांतच एक्सॉनमोबिल या सर्वांत मोठ्या अमेरिकी तेल कंपनीने आपल्या तिमाहीचे आकडे जाहीर केले. नफा ९.९ अब्ज डॉलर होता. लोकांनी या दोन बातम्या एकत्र वाचल्या आणि त्यातून काढायचा तो अर्थ काढला.

९ नोव्हेंबर २००५ रोजी एक्सॉनमोबिल, शेव्हरॉन, कोनोकोफिलिप्स, बीपी अमेरिका आणि शेल ऑइल या पाच कंपन्यांच्या प्रमुखांना सेनेटच्या संयुक्त समितीपुढे बोलावण्यात आले. त्यांना शपथ घ्यायला लावावी की नाही, यावरच सुरुवातीला खडाजंगी झाली. अखेर शपथेविनाच त्यांची साक्ष झाली. कंपन्यांचा युक्तिवाद सरळ होता. कच्च्या तेलाचा भाव जागतिक बाजार ठरवतो, आम्ही नाही. आमचा नफा रकमेने मोठा दिसत असला तरी उलाढालीच्या प्रमाणात तो दहा टक्क्यांच्या आतच आहे. एक्सॉनमोबिलचा त्या संपूर्ण वर्षाचा नफा ३६.१ अब्ज डॉलर आणि उत्पन्न सुमारे ३७० अब्ज डॉलर होते, त्यामुळे हिशेब बरोबरच होता. मात्र हाच नफा गुंतवलेल्या भांडवलाशी ताडून पाहिला, तर परतावा तीस टक्क्यांच्या पुढे जात होता. समितीपुढे कोणता भागाकार मांडायचा, हे कंपन्यांना चांगले ठाऊक होते.

या नफ्याचे मूळ पंपावर नाही, विहिरीवर आहे. एका बॅरलमध्ये ४२ गॅलन मावतात. कच्चे तेल बॅरलमागे एका डॉलरने महागले, की गॅलनमागे साधारण २.४ सेंटची भर पडते. पंपावरील किमतीतील निम्म्याहून अधिक वाटा त्या काळात कच्च्या तेलाचाच होता. ज्या कंपनीने जुन्या विहिरींवर फार पूर्वी खर्च केलेला असतो, तिचा बॅरलमागचा खर्च भाव वाढला म्हणून तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे युद्ध, वादळ किंवा चीनमधील वाढती मागणी यांमुळे भाव दुप्पट झाला, की वरची रक्कम जवळजवळ अलगद हाती पडते. ती मिळवण्यासाठी कंपनीला कट करावा लागत नाही, आणि कर्तृत्वही दाखवावे लागत नाही.

पंपचालक मात्र या साऱ्यात बव्हंशी निरुपद्रवी असतो. त्याला गॅलनमागे काही सेंटच सुटतात आणि त्याची खरी कमाई पंपालगतच्या दुकानातील कॉफी, शीतपेये आणि सिगारेट यांवर होते. किरकोळ विक्रीत काही राम उरलेला नाही, हे एक्सॉनमोबिलनेही ओळखले आणि जून २००८ मध्ये अमेरिकेतील स्वतःच्या मालकीचे पंप विकून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. लोकांची दुसरी तक्रार मात्र अभ्यासकांनाही बऱ्याच अंशी मान्य आहे. कच्चे तेल महागले की पंपावरचा भाव लगबगीने चढतो. ते स्वस्त झाले की उतरताना तोच भाव रेंगाळतो. कतरिनानंतरच्या भाववाढीची चौकशी करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनला मे २००६ च्या अहवालात बाजारात व्यापक हेराफेरी झाल्याचा पुरावा आढळला नाही. हा निष्कर्ष ग्राहकांच्या फारसा पचनी पडला नाही.

शुद्धीकरणाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत तीनशेहून अधिक शुद्धीकरण कारखाने होते. २००५ मध्ये ते दीडशेच्या आसपास उरले. एकूण क्षमताही १९८१ च्या पातळीखालीच होती, पण मागणी वाढत गेली. लुइझियानातील गॅरीव्हिल येथे १९७० च्या दशकात उभारलेल्या कारखान्यानंतर मोठा नवा कारखाना झालाच नाही. कंपन्या पर्यावरणाच्या नियमांकडे बोट दाखवत, तर टीकाकार म्हणत की टंचाईच कंपन्यांच्या पथ्यावर पडते. दोन्हींत तथ्य होते. त्यातच विलीनीकरणांची लाट आली. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलचे ३४ कंपन्यांत विभाजन केले होते. त्यांतील न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क येथील कंपन्यांचे वारस म्हणजे एक्सॉन आणि मोबिल. १९९९ मध्ये ते पुन्हा एक झाले. न्यायालयाने जे तोडले, ते शेअर बाजाराने जोडले.

कंपन्यांच्या अनपेक्षित नफ्यावर खास कर लावावा, ही मागणी प्रत्येक भाववाढीच्या वेळी होते. अमेरिकेने तो प्रयोग एकदा केला आहे. अध्यक्ष कार्टर यांच्या काळात, १९८० मध्ये, देशांतर्गत तेलावरील किंमतनियंत्रण उठवताना हा कर आला. दहा वर्षांत सुमारे ३९३ अब्ज डॉलर मिळतील, असा अंदाज होता. पण १९८६ मध्ये तेलाचा भाव कोसळला, नफाच आटला आणि हाती आले केवळ ८० अब्ज डॉलर. १९८८ मध्ये कर रद्द झाला. त्यावर बोट ठेवून पुढचे प्रत्येक विधेयक हाणून पाडले गेले. जून २००८ मध्येही ते सेनेटमध्येच अडले. गंमत अशी की पेट्रोलवरील केंद्रीय कर गॅलनला १८.४ सेंट इतका १९९३ मध्ये ठरला, तो पुढे तीन दशके वाढवण्याचे धाडस कोणत्याही पक्षाने केले नाही.

भाववाढीची झळ इतकी का बसते, याचे उत्तर कंपन्यांच्या ताळेबंदात सापडत नाही. ते देशाच्या रचनेत आहे. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. शहरांभोवती दूरवर उपनगरे पसरली, आणि कचेरी, शाळा, बाजार सारे मोटारीच्या अंतरावर गेले. तोवर तेल घरचेच होते. देशातील उत्पादन १९७० मध्ये दिवसाला सुमारे ९६ लाख बॅरल या शिखरावर पोहोचले आणि मग घसरू लागले. भूशास्त्रज्ञ एम. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्येच तसे भाकीत केले होते, पण तेव्हा ते फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली आणि तीन डॉलरच्या आसपासचा बॅरल काही महिन्यांत जवळपास बारा डॉलरवर गेला. पंपांसमोर मोटारींच्या रांगा लागल्या. १९८० पर्यंत देश ऊर्जेत स्वयंपूर्ण करण्याची घोषणा अध्यक्ष निक्सन यांनी तेव्हाच केली होती.

त्या धक्क्यातून काही चांगलेही निघाले. १९७५ च्या कायद्याने राखीव तेलसाठा उभारण्याचे ठरले आणि मोटारींना सरासरी इंधनक्षमतेचे बंधन आले. १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास, असे उद्दिष्ट होते. पण 'हलके ट्रक' या वर्गाला सैल मापदंड लावले गेले. कायदा करताना शेतकरी आणि कारागीर डोळ्यांसमोर होते. पुढे त्याच फटीतून एसयूव्ही बाहेर पडली. या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांत जवळपास निम्मी याच वर्गातील होती. कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छतावर सौर पाणीतापक बसवले. रेगन यांच्या काळात, १९८६ मध्ये, ते काढण्यात आले. तेल स्वस्त झाले होते आणि निकड संपली होती.

२००५ मध्ये गरजेच्या सुमारे ६० टक्के तेल आयात होत होते. ३१ जानेवारी २००६ च्या भाषणात अध्यक्ष बुश यांनी अमेरिकेला तेलाचे व्यसन जडल्याची कबुली दिली आणि मध्यपूर्वेतून होणारी तीनचतुर्थांशांहून अधिक आयात २०२५ पर्यंत पर्यायी मार्गांनी भरून काढण्याचे उद्दिष्ट सांगितले. टेक्सासच्या तेलउद्योगातून आलेल्या अध्यक्षाच्या तोंडी हा शब्द आल्याने खळबळ उडाली. निदान बरोबर होते. उपचार मात्र चुकीच्या जागी होता. अमेरिकेचा सर्वांत मोठा पुरवठादार सौदी अरेबिया नव्हता, कॅनडा होता. शिवाय तेलाचा बाजार जगभर एकच असल्याने तेल कोणाकडून घेतले, यावर भाव फारसा अवलंबून नसतो.

११ जुलै २००८ रोजी बॅरलने १४७ डॉलरचा उच्चांक गाठला आणि पेट्रोल गॅलनला ४.११ डॉलर झाले. त्या वेळच्या विनिमय दराने हा भाव लिटरला सत्तेचाळीस रुपयांच्या आसपास येतो. दिल्लीकर तेव्हा पन्नासहून अधिक मोजत होता. अमेरिकी माणसाने मात्र मोटार कमी चालवली आणि वर्षाच्या वाहतुकीत घट नोंदली गेली. डिसेंबरपर्यंत मंदीने तेल चाळीस डॉलरच्या खाली आणले. एक्सॉनमोबिलने त्या वर्षी ४५.२ अब्ज डॉलर नफा मिळवला. त्यांतील सुमारे ४० अब्ज लाभांश आणि समभाग फेरखरेदीच्या रूपाने भागधारकांकडे गेले, तर नव्या गुंतवणुकीला २६ अब्ज मिळाले. नफा नव्या तेलाच्या शोधासाठी लागतो, या दाव्याला हे आकडे फारसा आधार देत नाहीत.

पुढे शेल खडकांतून तेल काढण्याचे तंत्र आले आणि चित्र पालटले. २०१८ पासून अमेरिका जगातील सर्वांत मोठा तेलउत्पादक देश झाला आणि २०२० मध्ये कच्चे तेल व तेलपदार्थ मिळून आयातीपेक्षा निर्यात अधिक झाली. निक्सन यांचे स्वप्न चाळीस वर्षे उशिरा साकार झाले म्हणायचे. पण रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, जून २०२२ मध्ये, याच देशात पेट्रोलने प्रथमच पाच डॉलरची सीमा ओलांडली. आयातीवरचे अवलंबन संपले होते, तेलावरचे नव्हते. राखीव साठ्यातून १८ कोटी बॅरल तेल काढावे लागले. एक्सॉनमोबिलला २०२० मध्ये करोनाच्या वर्षी २२ अब्ज डॉलरचा तोटा झाला होता. २०२२ चा नफा ५५.७ अब्ज डॉलर होता.

भारतातील कहाणीचा एक धागा याच घराण्याशी जुळतो. ट्रॉम्बेला १९५४ मध्ये सुरू झालेला शुद्धीकरण कारखाना स्टँडर्ड ऑइलच्या वारसदारांचा होता. १९७४ मध्ये सरकारने एस्सोचा व्यवसाय ताब्यात घेतला आणि हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली. शेजारची बर्मा शेल १९७६ मध्ये सरकारकडे आली आणि पुढे तिची भारत पेट्रोलियम झाली. त्यामुळे अमेरिकेत तेल भडकले की कंपन्या गब्बर होतात, पण २००८ मध्ये आपल्या सरकारी कंपन्या कर्जात बुडत होत्या. पंपावरचा भाव सरकार ठरवी आणि २००८-०९ ची तूट एक लाख कोटी रुपयांवर गेली. ती काही अंशी तेलरोख्यांनी भागवली गेली. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. मग उलटा प्रकार सुरू झाला. २०२० मध्ये तेल गडगडले, तेव्हा केंद्राने उत्पादनशुल्क वाढवून तो लाभ आपल्याकडे वळवला, आणि २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेले. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशात अनपेक्षित नफ्यावरील करही १ जुलै २०२२ ला लागू झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. दरम्यान पंपावरचे भाव मे २०२२ पासून जवळजवळ गोठलेलेच होते. तिन्ही सरकारी विक्री कंपन्यांनी आधी तोटा सोसला, मग २०२३-२४ मध्ये तेल उतरल्यावर एकत्रित सुमारे ८१ हजार कोटी रुपयांचा विक्रमी नफा कमावला. ग्राहकाच्या वाट्याला त्यातले काही आले, ते मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर. भाव लिटरला दोन रुपयांनी उतरला.