श्रद्धा ढासळली, हे मोजायचं कसं?

धर्माच्या इतिहासावर संशोधन करायला निघालात, की एक विधान तुम्हाला कुठे ना कुठे भेटणारच: पहिल्या पिढीची श्रद्धा खरी होती, पुढच्या पिढ्या देवापासून दूर गेल्या. विधान पटकन पटतं. पण ते सिद्ध करायचं म्हटलं, तर पुरावा कोणता देणार? आज आपण अशा एका उदाहरणाकडे बघू, ज्यावर इतिहासकारांनी बराच वाद घातला आहे: सतराव्या शतकातलं न्यू इंग्लंड.

आधी पार्श्वभूमी. 1630 पासून हजारो प्युरिटन इंग्लंड सोडून मॅसॅच्युसेट्समध्ये आले. देवाने आपल्याशी करार केला आहे, आपण विश्वासू राहिलो तर आशीर्वाद, नाहीतर शिक्षा, अशी त्यांची धारणा होती. मंडळीचं पूर्ण सभासदत्व मिळवायला नुसता बाप्तिस्मा पुरत नसे. आपल्या अंतःकरणात देवाने काय काम केलं, याची साक्ष द्यावी लागे. केंब्रिजचे पाळक थॉमस शेपर्ड यांनी अशा पन्नासच्या आसपास साक्षी वहीत लिहून ठेवल्या, त्या आजही वाचायला मिळतात.

मग अडचण आली. या सभासदांची मुलं मोठी झाली. त्यांचा लहानपणी बाप्तिस्मा झालेला, वागणं चांगलं, शिकवण माहीत. पण साक्ष देण्यासारखा अनुभव आपल्याला आलाय असं त्यातल्या अनेकांना वाटेना. म्हणजे प्रभुभोजन नाही. आणि त्यांना मुलं झाली, तेव्हा खरा पेच पडला: या नातवंडांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही? हा प्रश्न नुसता नियमाचा नव्हता, बरं का. मांडीवरचं मूल देवाच्या कराराच्या आत आहे की बाहेर, हे त्यावरून ठरत होतं.

1662 मध्ये बॉस्टनच्या धर्मसभेने मधला मार्ग काढला. अशा आईवडिलांनी करार मान्य केला तर त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा मिळेल. मात्र त्यांना स्वतःला प्रभुभोजन आणि मंडळीच्या कामकाजात मत मिळणार नाही. पुढे याला 'हाफ-वे कव्हेनंट', म्हणजे अर्ध्या वाटेवरचा करार, असं नाव पडलं.

पुढच्या काळात संकटं एकामागून एक आली. 1675-76 मध्ये मूळ रहिवाशांशी भीषण युद्ध झालं, मग बॉस्टनमध्ये आगी लागल्या, देवीची साथ आली. 1679 च्या धर्मसभेपुढे दोनच प्रश्न होते: देव आपल्यावर का रागावला आहे, आणि आता करायचं काय? उत्तरात पापांची लांबलचक यादी आली. शब्बाथ पाळत नाहीत, घरात प्रार्थना होत नाही, कपड्यांचा थाट वाढला, दारू वाढली. त्या काळातले छापील उपदेशही याच सुराचे आहेत.

हे सगळं वाचून तुम्ही काय निष्कर्ष काढाल? बहुतेक जण म्हणतील, आत्मिक घसरण झाली. पेरी मिलर यांनी 1953 च्या 'द न्यू इंग्लंड माइंड' या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात अधःपतनाचीच कथा मांडली. मिलर भाबडे नव्हते. हे उपदेश ठरावीक साच्याचे झाले होते, हे त्यांनीही ओळखलं होतं. पण त्यांचा मुख्य भर पाळकांच्या छापील लिखाणावर होता.

मग एडमंड मॉर्गन यांनी वेगळा प्रश्न विचारला: दुसऱ्या पिढीचे लोक प्रभुभोजनापासून दूर का राहिले? देवाविषयी बेफिकीर होते म्हणून, की अति जपून होते म्हणून? अपात्र असताना प्रभुभोजन घेणं म्हणजे स्वतःवर न्याय ओढवून घेणं, असा इशारा पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दिला आहे. तो ज्याने मनावर घेतला, तो मागेच थांबणार. रॉबर्ट पोप यांनी 1969 मध्ये मंडळ्यांच्या नोंदवह्याच तपासल्या. अनेक मंडळ्यांनी 1662 ची सवलत वर्षानुवर्षं अमलात आणलीच नव्हती, आणि 1675 नंतरच्या संकटात मंडळीत येणाऱ्यांची संख्या वाढली, असं त्यांना दिसलं. सरळ खाली उतरत जाणारी रेघ नोंदवह्यांत सापडत नाही.

आणखी एक गंमत बघा. सवलतीच्या बाजूने पहिल्या पिढीचे रिचर्ड मॅथर होते, आणि सुरुवातीला विरोधात होता त्यांचाच मुलगा इन्क्रीज मॅथर. पुढे त्याचं मत बदललं, ते वेगळं. पण 'कडक वडील, सैल मुलगा' हे चित्र इथे चक्क उलटं होतं.

मायकेल विगल्सवर्थ यांची 1650 च्या दशकातली डायरीही बघा. हार्वर्डमध्ये शिकवणारा हा माणूस पानोपानी स्वतःला गर्विष्ठ, थंड, देवाला विसरलेला म्हणतो. शब्दशः घेतलं तर तो गावातला सगळ्यात अधार्मिक माणूस ठरेल! खरं तर रोज स्वतःला तपासत राहणं हाच विश्वासू राहण्याचा त्याचा मार्ग होता. घसरण्याची भीती त्याला जागं ठेवत होती.

म्हणजे तक्रारी खोट्या होत्या का? तसंही नाही. व्यापार वाढला, वस्ती पांगली, जुनी शिस्त सगळीकडे टिकली नाही. पण 'आम्ही ढासळलो' ही कबुली मुळात एक धार्मिक कृती होती. लोकांना पश्चात्तापाकडे नेणं हे तिचं काम होतं. तिला जनगणनेसारखं वाचलं की आपण फसतो.

आपल्याकडेही याचा धागा येतो. 1813 मध्ये मुंबईत आलेलं आणि 1831 पासून अहमदनगरात काम करणारं अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या याच मंडळ्यांच्या परंपरेतून आलं. त्याच्या अहवालात किंवा 1842 मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'त नव्या ख्रिस्ती लोकांच्या 'थंडपणा'चा उल्लेख दिसला, तर थेट निष्कर्षाकडे उडी मारू नका. तीन प्रश्न विचारा. हे कोण लिहितंय, आणि कोणासाठी? विश्वासू असण्याची त्याची कसोटी कोणती: अनुभव, आचरण की उपस्थिती? आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांचा स्वतःचा आवाज बाप्तिस्म्याच्या नोंदीत, पत्रात, साक्षीत कुठे सापडतो का?

प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहिलेला माणूस नोंदवहीत 'अनुपस्थित' दिसतो. तो देवाला विसरला होता की देवाला घाबरत होता, हे वही सांगत नाही. ते शोधणं आपलं काम आहे.