विश्लेषण : मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात परदेशी वादक इतके का?

वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास, नरिमन पॉइंट येथील ‘एनसीपीए’मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम भरतो. हंगाम जवळ आला की दरवेळी एक प्रश्न पुन्हा निघतो : नावात ‘इंडिया’ असलेल्या या वाद्यवृंदात भारतीय वादक इतके कमी का? पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आणखी एक धास्ती असते, ती म्हणजे टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या?

वाद्यवृंदाची सुरुवात कशी झाली?

एनसीपीएचे खुश्रू सनटूक यांनी लंडनमध्ये कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांचे वादन ऐकले. त्या ओळखीतून २००६ मध्ये हा वाद्यवृंद उभा राहिला आणि बिसेनगालिएव त्याचे संगीत संचालक झाले. झाकीर हुसेन यांची तबला आणि वाद्यवृंदासाठीची ‘पेशकार’ ही रचना २०१५ मध्ये प्रथम याच वाद्यवृंदाने सादर केली. २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यातही ती वाजली.

मुंबईत याआधी असे प्रयत्न झाले नव्हते का?

झाले होते, आणि चांगले झाले होते. झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पुढे ते परदेशी गेले. १९५८ मध्ये गोव्यातील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी भारतीय रागांवर आधारलेल्या रचनांसाठी मोठा वाद्यवृंद जमवला आणि त्यात लता मंगेशकर, मन्ना डे यांना गायला लावले. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातले नाव ते याच गोन्साल्विस यांचे. संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना दिलेली ही दाद होती. १९६५ मध्ये गोन्साल्विसही अमेरिकेला गेले.

या वाद्यवृंदांना वादक मिळत, कारण गोव्यातील चर्चच्या शाळांत मुले लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत आणि मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत त्यांना काम असे. पोट स्टुडिओवर भरत होते, सिम्फनीवर नाही. सिंथेसायझर आला, स्टुडिओतले मोठे ताफे आटले आणि ही वाटही अरुंद झाली.

मग आजची अडचण नेमकी कुठे आहे?

व्हायोलिन शिकवणारे भारतात सापडतात. पण सिम्फनीला ओबो, बसून, फ्रेंच हॉर्नही लागतात आणि त्यांचे शिक्षक फार थोडे. हॉर्नवादकाला वर्षभराची नोकरी नाही, म्हणून कोणी हॉर्न शिकत नाही. कोणी शिकत नाही, म्हणून हंगामाला वादक बाहेरून आणावे लागतात. त्यामुळे एक छोटा संच वर्षभर मुंबईत राहतो आणि हंगामासाठी इतर देशांतून वादक येऊन तो पूर्ण करतात. परदेशी वादकांची संख्या मोजून नाराज होणाऱ्यांनी हे चक्र लक्षात घ्यायला हवे. ते तोडण्यासाठी २०१२ मध्ये वाद्यवृंदाने स्वतःची संगीत अकादमी काढली. निवासी वादकच तिथे मुलांना शिकवतात. मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलातून वाद्यवृंदात बसण्याजोगा वादक घडायला दीड-दोन दशके लागतात. त्यामुळे निकालाची घाई करून चालणार नाही.

मैफलीत काय अपेक्षित असते?

सुरुवातीला ओबोवादक एक लांब स्वर धरतो. तो पाश्चात्त्य संगीतातला ‘ए’, आणि सगळे त्याच्याशी आपली वाद्ये जुळवून घेतात. आपल्याकडे तानपुरा मैफलभर साथ करतो, इथे ओबोचे हे काम मिनिटभरात संपते. मग बहुधा एक छोटी रचना, त्यानंतर एकल वादकासह कॉन्चेर्तो, मध्यंतर आणि शेवटी सिम्फनी असा क्रम असतो.

बैठकीत जागेवर ‘वाह’ म्हणायची आपली सवय इथे आवरावी लागते. सिम्फनीचे बहुधा चार भाग असतात आणि दोन भागांच्या मधल्या शांततेत टाळ्या वाजवत नाहीत. किती भाग झाले हे मोजत बसायचे नसेल तर सोपी खूण आहे : संचालकाचे हात वर असेपर्यंत थांबायचे. ते खाली आले आणि तो प्रेक्षकांकडे वळला, की हवे तितके वाजवा.