डोलकाठीवरचे दोर

शिडाच्या गलबताचें चित्र डोळ्यांपुढें आणलें कीं प्रथम उंच डोलकाठी आठवते, मग वाऱ्यानें फुगलेलीं शिडें आठवतात. त्या दोहोंना जोडणारे दोर मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहींत. शीड फाटलें तर तें सर्वांना दिसतें; दोर आंतून झिजतो, वरून धड दिसतो आणि नेमका अडचणीच्या वेळीं तुटतो. म्हणून गलबत सांभाळणें म्हणजे बव्हंशीं त्याचे दोर वेळेवर बदलणें, असेंच म्हणावें लागतें.

या दोरांचे दोन वर्ग आहेत. पहिला स्थिर दोरांचा. डोलकाठीस पुढून, मागून व दोन्ही बाजूंनीं ताणून धरणें, एवढेंच त्यांचें काम. दुसरा चालत्या दोरांचा. शीड चढविणें-उतरविणें, वाऱ्याच्या रोखाप्रमाणें परबाण फिरविणें, शिडाचा कोपरा ओढून धरणें, हीं कामें त्यांचीं. आणि त्यासाठीं ते कप्प्यांवरून सारखे धांवत असतात. स्थिर दोरांस डांबराचा जाड लेप देऊन पुष्कळ वर्षें टिकवितां येई. चालत्या दोरांस तसा लेप दिला तर ते ताठर होऊन कप्पींत अडकत. त्यामुळें ऊन, खारें पाणी आणि घर्षण या तिन्ही शत्रूंशीं त्यांना जवळजवळ उघड्या अंगानें झगडावें लागे, आणि बदलण्याची पाळीही त्यांच्यावरच आधीं येई.

हिंदी महासागरांतील नावाड्यांनीं या कामीं काथ्या पसंत केला. नारळाच्या सोडणांचा हा तंतु खाऱ्या पाण्यांतच कुजवून मोकळा करतात. त्यामुळें समुद्राच्या पाण्याचें त्यास भय नसतें. चौदाव्या शतकांतील प्रवासी इब्न बतूता यानें मालदीव बेटांतील काथ्याचें वर्णन केलें असून तो हिंदुस्थानांत व येमेनांत जात असे व त्यानें गलबतांच्या फळ्या शिवीत, असें नमूद केलें आहे. यूरोपांत मात्र दोर होत ते भांगेच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून. हा तंतु काथ्याहून मऊ व बळकट. परंतु ओलाव्यानें कुजणारा.

असे किती दोर लागत? १७६५ सालीं चॅटम येथें पाण्यांत उतरलेल्या आणि पुढें १८०५ सालीं ट्रफाल्गारच्या लढाईंत नेल्सनचें निशाण मिरविणाऱ्या 'व्हिक्टरी' या युद्धनौकेवर सुमारें २६ मैल लांबीचे दोर होते. दोर वळतांना सूत सुमारें एक तृतीयांशानें आखडतें. म्हणून लांब दोरासाठीं त्याहून किती तरी लांब जागा लागते. चॅटमच्या गोदींतील दोरखान्याची इमारत त्यामुळेंच १,१३५ फूट लांब आहे. सरकारी दोर चोरून विकणारे लोक पुष्कळ असल्यामुळें प्रत्येक दोरांत ओळखीचें एक वेगळें सूत घालीत. तुकडा कोठेंही सांपडला तरी तो कोणाचा हें लपत नसे. मुंबईंतही, जेथें वाडिया घराण्यानें १८१७ सालीं 'त्रिंकोमाली'सारखी सागवानी युद्धनौका बांधली, तेथें कोटांत दोर वळण्याची लांब जागा होती. काळा घोडा भागांतील एका गल्लीस 'रोपवॉक लेन' हें नांव त्यावरूनच पडलें.

दोराइतकेंच महत्त्व कप्पीचें. खडबडीत कप्पी नवा दोरही थोड्या दिवसांत खाऊन टाकते. पूर्वीं प्रत्येक कप्पी सुतार हातानें करीत. मार्क ब्रूनेल यानें पोर्ट्समथच्या गोदींत यंत्रें बसविल्यावर दहा साध्या मजुरांकडून एकशेंदहा कारागिरांचें काम होऊं लागलें. १८०८ सालीं तेथें १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. यंत्रानें मोठ्या प्रमाणावर माल काढण्याच्या पद्धतीचा हा एक आरंभच होय.

परंतु कच्चा माल कोठून आणावयाचा? इंग्लंडच्या आरमाराचा तंतु मुख्यतः रशियांतून येई. १८०७ सालीं टिल्सिट येथें रशियाचा बादशहा नेपोलियनशीं मिळाला आणि रशियाचीं बंदरें इंग्रजांस बंद झालीं. ज्या आरमाराच्या बळावर इंग्लंड उभें होतें त्याचे दोर असे शत्रूच्या मुठींत गेले! तेव्हां इंग्रजांची दृष्टि हिंदुस्थानाकडे अधिकच वळली. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचा अधिकारी विल्यम रॉक्सबर्ग यानें तागासारख्या येथील अनेक तंतूंना वजनें टांगून त्यांचें बळ मोजलें होतें. पुढें क्रिमियाच्या युद्धांत पुन्हां तीच अडचण आली, आणि १८५५ सालीं रॉइल यानें हिंदुस्थानांतील तंतुवनस्पतींवर एक मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. कोंकणांतल्या वा देशावरच्या शेतकऱ्याच्या तागाचा विचार लंडनच्या कचेऱ्यांत व्हावा, याचें मूळ डोलकाठीवरच्या दोरांत होतें.

दोर महाग असल्यामुळें तो बदलण्यांतही काटकसर असे. एकाच जागीं कप्पीचा घांस बसूं लागला कीं दोर उलटा ओवीत, म्हणजे धड भाग घर्षणाखालीं येई. अगदीं निकामी झालेल्या दोराचे इंग्लंडांतील तुरुंगांतून व अनाथगृहांतून बोटांनीं पिंजून तंतु काढीत आणि ते डांबरांत भिजवून जहाजाच्या फळ्यांच्या सांध्यांत ठोकीत. कित्येक दुबळ्या जीवांचीं बोटें या कामानें सोलून निघालीं, हेंही विसरतां कामा नये.

एकोणिसाव्या शतकांत फिलिपाइन्समधील केळीच्या जातीच्या झाडाचा मनिला दोर आला. १८३४ सालीं जर्मनीच्या खाणींतून आल्बर्ट यानें तारेचा दोर आणला, आणि पुढें स्थिर दोरांची जागा त्यानें घेतली. १९३५ सालीं नायलॉन व १९४१ सालीं पॉलिएस्टर निघालें. नायलॉन ताणतो म्हणून तो नांगरास बरा; पॉलिएस्टर फारसा ताणत नाहीं म्हणून तो शीड चढविण्यास योग्य ठरला.

द्रव्य बदललें, रीत मात्र जुनीच राहिली. चालता दोर बदलतांना जुना आधीं काढून टाकीत नाहींत. त्याच्या शेवटास नव्या दोराचें टोक समोरासमोर लावून शिवतात. गांठ मारली तर ती कप्पींत अडकते. मग एक जण जुना दोर हळूहळू ओढतो, दुसरा नवा सैल सोडीत जातो, आणि जुना खालीं येतां येतां नव्यास काठीच्या शेंड्यावरून फिरवून आणतो. शिवण मध्येंच सुटली, तर कोणास तरी जीव मुठींत धरून काठीवर चढावें लागतें.

मुंबईंत सागवानी लांकडाची बांधलेली, १९६४ सालीं पाण्यांत उतरलेली 'सुहेली' ही ३२ फुटी नौका घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडाहून निघाला आणि कोठेंही न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं परतला. शर्यतींत निघालेल्या नऊ जणांपैकीं पोंचला तो एवढाच. दहा महिने ना बंदर, ना दुकान, ना मदतनीस. जवळ असेल त्या दोरावरच भिस्त. समुद्रावर मोठा पराक्रम घडतो तो वादळाच्या दिवशीं. पण त्याची तयारी होते ती शांत दिवशीं, झिजलेला दोर ओळखून तो वेळेवर बदलणाऱ्या हातांनीं.